दगडफूल ओळखायचं कसं: आकार, थेंब आणि पत्ता

थेंब टाकायचा, मनात पंधरा आकडे मोजायचे आणि तोवर वहीत काहीही लिहायचं नाही. लायकेनच्या, म्हणजे दगडफुलाच्या, रंगचाचणीत शिकायचं असतं त्यातलं निम्मं एवढंच. उरलेलं निम्मं म्हणजे तो थेंब नेमका कुठल्या थरावर पडला हे ठाऊक असणं, आणि बहुतेकांची गाडी तिथेच घसरते. माझीही घसरली होती, तीसुद्धा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं उभी राहून झाल्यावर.

मी वनस्पतीशास्त्राची नाही. या विषयात मी बाटल्यांच्या वाटेने आले. एका सहलीत एका विद्यार्थिनीने झाडावरचा करडा तुकडा हातात ठेवला आणि विचारलं, "मॅडम, हे झाड आहे की बुरशी?" मी म्हटलं, शेवाळ. समोर दोन पर्याय होते, आणि चूक ठरेल असं तिसरं उत्तर मी शोधून काढलं होतं. त्या लाजेतून पुढची अकरा वर्षं गेली. या लेखात मी तुम्हाला त्या वाटेने नेणार आहे, फक्त माझे खड्डे वगळून.

आधी, हे आहे कोण

बोलीत दगडफूल, पाठ्यपुस्तकात शैवाक, आणि आम्ही जमलो की सरळ लायकेन. त्यात एक बुरशी असते आणि तिच्या आत कोंडलेलं शैवाल किंवा निळं-हिरवं सायनोबॅक्टेरियम. बुरशी घर बांधते, शैवाल उन्हावर साखर करतं, बुरशी ती खाते. हे दोघांचं बिऱ्हाड आहे असं स्विस वनस्पतीशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडलं तेव्हा त्या काळच्या जाणकारांना ते मुळीच रुचलं नाही. विल्यम नायलँडर हे सगळ्यात मोठं नाव, फिनलंडचे, राहायला पॅरिसमध्ये. त्यांनी तर मरेपर्यंत ते मान्य केलं नाही. आणि गंमत अशी की आपण आज ज्या रंगचाचण्या करतो त्यातल्या पोटॅश आणि ब्लीचच्या चाचण्या त्याच नायलँडरांनी १८६६ मध्ये रूढ केल्या. माणूस एका खोलीत इतका बरोबर आणि शेजारच्या खोलीत इतका हट्टी असू शकतो.

२०१६ मध्ये टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी बिऱ्हाडात तिसरा भाडेकरू दाखवला: अनेक लायकेनच्या कातडीत वेगळ्याच गटातलं यीस्ट राहतं. ते तिथे नेमकं काय करतं यावर वाद चालू आहेत, पण ओळख पटवायला त्याची अडचण होत नाही, कारण नियम साफ आहे. लायकेनला दिलेलं नाव हे त्यातल्या मुख्य बुरशीचं नाव. आतल्या शैवालाला त्याचं स्वतःचं वेगळं नाव असतं.

यातून वर्गीकरणाची एक गोष्ट आपोआप सुटते. लायकेन ही वंशावळीतली एक फांदी नव्हे. वेगवेगळ्या आडनावांची माणसं एकाच धंद्यात असावीत तसं हे आहे; बुरश्यांच्या वेगवेगळ्या घराण्यांनी शैवाल पाळण्याचा धंदा स्वतंत्रपणे सुरू केला. २०१६ च्या जागतिक यादीत १९,३८७ जाती आणि ९९५ प्रजाती मोजल्या आहेत. (इथे थांबून सांगते: शास्त्रीय मराठीत प्रजाती म्हणजे मोठा गट आणि जाती म्हणजे त्यातला एकेक प्रकार. वर्तमानपत्रं हे उलटं लिहितात. वहीत तरी सरळ लिहा.) यातल्या जवळजवळ सगळ्या बुरश्या अॅस्कोमायसीट गटातल्या आहेत, म्हणजे पिशवीत बीजाणू धरणाऱ्या. छत्रीवाल्या बुरश्यांच्या गटातली लायकेन मोजकीच, पण मोजणी कशी फसते ते त्यांच्यातच दिसतं. अमेरिका खंडाच्या उष्ण भागात कोरा नावाचं पंख्यासारखं एक लायकेन आहे. कित्येक वर्षं ते एकच जात धरलं जायचं. २०१४ मध्ये डीएनए तपासल्यावर त्यातून १२६ जाती निघाल्या, आणि खरा आकडा चारशेच्या वर असावा असा अंदाज त्याच अभ्यासाने दिला. म्हणून कोणी छातीठोकपणे जातीचं नाव सांगितलं की मी आधी विचारते, कशावरून?

आकार, पण कोरडा

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ते डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि नमुना भिंगाकडे आणायचा. हात लांब करून वाचनाच्या भिंगासारखं धरलंत तर काही दिसणार नाही.

पहिला नियम: रंग कोरड्यावरच लिहा. ओलं झालं की कातडी पारदर्शक होते आणि आतलं हिरवं शैवाल वर दिसतं. माझ्या पहिल्या वहीत एकाच फांदीवरचं एकच लायकेन दोन नावांनी आहे, "पोपटी" आणि "राखाडी". मधे पाऊस पडून गेला होता, एवढाच फरक.

ढोबळ आकार तीन. खपलीसारखं, जे दगडापासून किंवा सालीपासून सुटतच नाही, काढायचं तर तळासकट काढावं लागतं. पानासारखं, ज्याला वरची आणि खालची बाजू वेगळी असते आणि कडेला नख घातलं तर उचकटतं. आणि झुडपासारखं: उभं, लोंबतं, दाढीसारखं. या तिघांच्या मधले नग भरपूर सापडतात, त्यांच्यावर डोकं शिणवू नका. आकार हे नातं नव्हे. एकाच घराण्यात तिन्ही आकार असू शकतात. सुरुवातीला आकारावरून पुस्तकाचं पान उघडायचं, बस.

मग पृष्ठभाग पाहा. छोट्या वाट्या किंवा टिकल्या दिसल्या तर ती बुरशीची बीजाणू करण्याची जागा. पिठासारखी भुकटी असेल तर सोरेडिया, भिंगाखाली बारीक बोटांसारख्या किंवा दाण्यांसारख्या वाढी असतील तर इसिडिया. दोन्हींचं काम एकच, बुरशी आणि शैवाल यांची जोडी एकत्र पुढच्या घरी पोचवणं. फरक ओळखायला माझी पद्धत: सुईचं टोक हलकं फिरवा. पीठ सुईला चिकटून येतं, इसिडिया काडकन तुटतो आणि त्याच्या जागी छोटा पांढरा डाग राहतो.

खपली असेल तर नखाने थोडं खरवडा. गवतासारखा हिरवा ओरखडा आला तर आत साधं हिरवं शैवाल. पिवळट-नारिंगी ओरखडा आला तर ट्रेंटेपोलिया. ते शैवाल मुळात हिरव्या गटातलंच, पण नारिंगी रंगद्रव्य भरून असतं. काळपट निळा-हिरवा आला तर सायनोबॅक्टेरिया. सुमारे दहा टक्के लायकेन या शेवटच्या प्रकारची. या एका ओरखड्यात रसायन आणि भूगोल दोन्हींची किल्ली आहे, म्हणून तो वहीत नक्की लिहा.

एक फुकटचा सल्ला: पदपथावरचा गोल पांढरट ठिपका नखाने दाबून पाहा. रबरासारखा दबला तर ते चघळून टाकलेलं च्युइंगगम आहे. अनुभवाने सांगते.

तीन बाटल्या आणि एक दिवा

लायकेनमध्ये हजारावर वेगवेगळी दुय्यम द्रव्यं सापडली आहेत आणि त्यातली बरीच इतर कुठल्याही सजीवात सापडत नाहीत. बुरशी ती बनवते आणि स्वतःच्या धाग्यांच्या बाहेर, स्फटिकांच्या रूपात साठवते. ती जातीनुसार ठरलेली असतात आणि थरानुसारही: काही कातडीत, काही खालच्या पांढऱ्या कापसासारख्या गाभ्यात. आता सुरुवातीचं वाक्य पुन्हा आठवा.

पहिली बाटली के: पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं दहा टक्के द्रावण. दहा ग्रॅम गोळ्या शंभर मिलिलिटर पाण्यात. गोळ्या पाण्यात टाकायच्या, गोळ्यांवर पाणी ओतायचं नाही. भांडं चांगलंच तापतं. चष्मा आणि हातमोजे घाला. ही बाटली काही महिने टिकते.

दुसरी सी: कपडे धुवायचं साधं ब्लीच, वास आणि रंग न घातलेलं. ही बाटली लवकर मरते. आम्लाच्या जवळपासही ठेवू नका, क्लोरीन वायू सुटतो.

तिसरी पी: पॅराफिनिलीनडायअमीन. जपानी रसायनशास्त्रज्ञ यासुहिको असाहिना यांनी ही चाचणी आणली. केसांच्या काळ्या रंगात असतं तेच हे द्रव्य, आणि त्याची ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर सोडत नाही. चार-पाच स्फटिक अल्कोहोलच्या काही थेंबांत विरघळवायचे, त्याच दिवशी वापरायचे. श्वासात, कातडीवर, टेबलावर जाऊ द्यायचं नाही. पडेल तिथे कायमचा काळा डाग पडतो. घरी शिकत असाल तर ही बाटली सरळ वगळा. के, सी आणि दिव्यावर पहिली दोन वर्षं मजेत जातात.

दिवा म्हणजे ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. डोळ्यांत पाहायचा नाही, बाकी काही नाही. रात्री झाडाच्या खोडावर फिरवला की उष्ण प्रदेशात पिक्सिन कोकोस नावाचं एक साधं करडं लायकेन असं पिवळं पेटतं की दिवसा आपण त्याच्या शेजारून कितीदा गेलो याची लाज वाटावी. ते लायकेक्झँथोन या द्रव्याचं काम.

आणि पाचवी चाचणी बाटलीशिवायची, केसी: आधी के, लगेच त्याच जागी सी.

थेंब नेहमी घरी, वेगळ्या काढलेल्या नखाएवढ्या तुकड्यावर टाकायचा. झाडावरच्या जिवंत लायकेनवर बाटली उपडी करणारे लोक मी पाहिले आहेत. तो प्रकार मला सहन होत नाही. केशनलिकेने किंवा टूथपिकच्या टोकाने थेंब ठेवला तर पुरे.

रंग का येतो हे एकदा कळलं की तक्ते पाठ करायची गरज निम्मी होते. पी हे द्रव्य ॲल्डिहाइड गटाला (कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा एक छोटा जोड) जाऊन चिकटतं आणि पिवळ्यापासून लालपर्यंत रंग देतं; म्हणून पी रंगला की रेणूत ॲल्डिहाइड आहे असं समजा. सीला हवं असतं बेंझिनचं, म्हणजे सहा कार्बनचं, असं वलय, ज्यावर दोन हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) एक जागा सोडून बसलेले आहेत आणि मधली जागा मोकळी आहे. तसं मिळालं की लाल. जायरोफोरिक आम्ल आणि लेकॅनोरिक आम्ल ही त्याची ठरलेली उदाहरणं. त्यातल्या जायरोफोरिकचा गुलाबी-लाल रंग काही सेकंदांत येऊन निघूनही जातो, म्हणून पापणी लवू द्यायची नाही. काही द्रव्यांत तो हायड्रॉक्सिल गट एस्टर बंधाने अडकून पडलेला असतो, सी त्याच्यापर्यंत पोचत नाही. के त्या बंधाची गाठ सोडतं, मग सीला रस्ता मिळतो. केसी चाचणीचं हे एवढंच रहस्य. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, कारण तोवर मी केसीला थोतांड समजत होते.

केचं काम निराळं. नारिंगी झँथोरियावर के टाकला की क्षणात जांभळट-किरमिजी होतो, कारण त्यातलं पॅरिएटिन हे अँथ्राक्विनोन आहे आणि अल्कलीत त्याचा रंग बदलतो. अॅट्रॅनोरिन असेल तर साधा पिवळा. आणि नॉरस्टिक्टिक आम्ल असेल तर आधी पिवळा, मग रक्तासारखा लाल. हे शेवटचं सूक्ष्मदर्शकाखाली करून पाहा. बारीक छेद काचपट्टीवर, वर के, वर आच्छादन काच. मिनिटभरात छेदाच्या कडेने लाल सुया फुटायला लागतात, एकेक करून, गुच्छांनी. मी प्रयोगशाळेत हजारो स्फटिक वाढताना पाहिले असतील. तरी दर वेळी खुर्ची पुढे ओढते.

एक नमुना, हात धरून

उष्ण कटिबंधात सगळीकडे सापडणारं पार्मोट्रेमा टिंक्टोरम घेऊ. मोठी, रुंद, करडी पानं, कडा गोलसर. वरून बारीक इसिडियांनी खडबडीत झालेली. खालची बाजू मधे काळी, कडेला तपकिरी आणि गुळगुळीत. नावातलं टिंक्टोरम म्हणजे "रंगाऱ्यांचं", हा आयता इशारा.

तुकडा भिंगाखाली कोरडा ठेवा. वरच्या कातडीवर के: पिवळा. हे कातडीतलं अॅट्रॅनोरिन. आता नव्या ब्लेडने कातडी खरवडा, हात अगदी हलका ठेवून, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी जागा. आधी करडा थर जातो, मग हिरवी धूळ दिसते, ते शैवाल, आणि त्याखाली शुभ्र कापूस. तो गाभा. हिरवं दिसत असेपर्यंत थेंब टाकायचा नाही. गाभ्यावर के: काहीच नाही. दुसऱ्या ठिकाणी खरवडून सी: लख्ख लाल. लेकॅनोरिक आम्ल. नोंद अशी होते: कातडी के पिवळा, गाभा के नाही, सी लाल.

आता शेजारच्या फांदीवरचं पार्मोट्रेमा रेटिक्युलेटम घ्या. लांबून भाऊ वाटावं असं. पण भिंगाखाली पृष्ठभागावर पांढऱ्या रेषांचं जाळं दिसतं, आणि कडांना इसिडियाऐवजी पीठ. याच्या गाभ्यात सॅलॅझिनिक आम्ल: के आधी पिवळा, मग लाल. सी नाही. इथेच मी फसले. मी खरवडलंच नाही. वरून के टाकला, पंधरा आकडेही मोजले, आणि वहीत लिहिलं "कातडी के लाल". त्या पांढऱ्या जाळ्याच्या रेषा पुढे चिरा होतात आणि चिरेतून माझा थेंब खाली झिरपून गाभ्याला भिडला होता. कातडी बिचारी पिवळीच होती, वर लाल उमटलं ते तळघरातून. किल्लीच्या पुस्तकात (एकेक खूण विचारत नावापर्यंत नेणारं पुस्तक) "कातडी लाल" या पानावरून मी जिथे पोचले ते लायकेन त्या झाडावर उभ्या जन्मात उगवलं नसतं.

गाभा फार पातळ असेल आणि ब्लेडने साधत नसेल तर चिरफाड सोडून द्या. तुकडा फिल्टर पेपरवर ठेवा, वर ॲसिटोनचे तीन-चार थेंब एकामागून एक, प्रत्येक वाळू देऊन. द्रव्य विरघळून कागदावर कड्यासारखं उमटतं. त्या कड्यावर चाचणी करा. यात कातडी-गाभा भेद राहत नाही हे मात्र ध्यानात ठेवा.

याच्या पुढची पायरी थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, म्हणजे अर्कातली द्रव्यं पाटीवर एकमेकांपासून वेगळी करून ओळखणं. चिचिता कल्बर्सन यांनी १९७० च्या सुमारास तिचं प्रमाणीकरण केलं आणि जगभरच्या निकालांची एकमेकांशी तुलना करता येऊ लागली. सिलिकाच्या पाटीवर अर्क, टोल्युइन-डायऑक्सेनसारखी द्रावकं, वाळल्यावर सल्फ्युरिक आम्लाचा फवारा आणि ११० अंशांवर भाजणं. धूर ओढणारं कपाट नसेल तर हे करायचं नाही. स्वयंपाकघरात तर नाहीच नाही.

मेलेलं ब्लीच

एका हंगामात मी नमुन्यांची एकसष्ट पाकिटं तपासली. सगळीकडे सी नाही. मला वाटलं, काय ही विलक्षण जागा! टिपण लिहायलाही घेतलं. मग सहज, हात मोकळा होता म्हणून, ओळखीच्या टिंक्टोरमवर थेंब टाकला. पांढरं ते पांढरंच. बाटली तीन महिने खिडकीत उन्हात उभी होती. आत उरलं होतं जवळजवळ मिठाचं पाणी.

ती एकसष्ट पाकिटं पुन्हा उघडली. एकोणीस लाल झाली.

तेव्हापासून टिंक्टोरमच्या तुकड्यांची एक डबी टेबलावर असते. बसायच्या आधी पहिला थेंब तिच्यावर. लाल झालं तरच पुढे. "नाही" हे उत्तर लिहायचा हक्क त्या लाल ठिपक्याने मिळतो. रसायनात मी मुलांना नियंत्रण नमुना म्हणून हेच सव्वीस वर्षं शिकवत होते.

पत्ता

नाव ठरवताना पत्ता हा तिसरा साक्षीदार. आधी ते कशावर आहे ते पाहा. दगडावर पातळ आम्लाचा थेंब टाका (नमुन्यापासून दूर, आणि ब्लीचपासून त्याहून दूर). फसफसलं तर चुनखडी. चुनखडीवरची आणि ग्रॅनाइटसारख्या आम्लधर्मी खडकावरची मंडळी जवळजवळ वेगळी. पुस्तकाची निम्मी पानं एका थेंबात मिटतात.

मग हवामान. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो लांगे यांनी दाखवून दिलं की हिरव्या शैवालाची लायकेन नुसत्या दमट हवेवर जागी होऊन प्रकाशसंश्लेषण सुरू करतात, सायनोबॅक्टेरियावाल्यांना मात्र खरं, द्रवरूप पाणी लागतं. नकाशावरचं बरंच काही यातून उलगडतं. नामिबच्या वाळवंटात पाऊस नावालाच, पण समुद्राकडून धुकं येतं, आणि टेलोशिस्टेस कॅपेन्सिसची नारिंगी झुडपं मैदानच्या मैदान व्यापतात. आता तो नखाचा ओरखडा आठवा. खपलीत ट्रेंटेपोलिया निघाला तर ते बहुधा उष्ण, दमट प्रदेशातल्या मोठ्या घराण्यांपैकी; त्यातलं ग्राफिस तर सालीवर कोणी शाईने रेघोट्या ओढल्यासारखं दिसतं. नेदरलँड्समध्ये हवा तापत गेली तशी ट्रेंटेपोलियावाली लायकेन वाढल्याचं नोंदलं गेलं आहे.

पावसाच्या घनदाट जंगलात जिवंत पानांवरही लायकेन राहतात, पान गळायच्या आत संसार उरकून. दुसऱ्या टोकाला अंटार्क्टिका: फुलझाडांच्या तिथे दोनच जाती आणि लायकेनच्या सुमारे चारशे. उत्तरेच्या थंड मैदानांवर क्लॅडोनियांचे गालिचे, ज्यांना उगाच रेनडिअर मॉस म्हणतात. मॉसशी त्यांचं काही नातं नाही. डोंगरातल्या आम्लधर्मी खडकांवर ऱ्हायझोकार्पन जिओग्राफिकम, पिवळं-हिरवं, काळ्या सीमारेषा आखलेलं, खरोखर नकाशासारखं. ते वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाही. म्हणून त्याच्या व्यासावरून हिमनदी मागे सरून खडक कधी उघडा पडला याचा अंदाज बांधतात. ही पद्धत रोलंड बेशेल यांनी १९५० मध्ये मांडली.

हवेची प्रतसुद्धा पत्त्यात येते. नायलँडरांनी १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली लायकेन मोजली आणि ती हवेची मोजपट्टी होऊ शकतात असं सुचवलं. तीस वर्षांनी त्या बागेत एकही उरलं नव्हतं. गंधकाच्या धुराने लोबॅरिया पल्मोनॅरियासारखी नाजूक जात पहिल्यांदा जाते; अमोनिया वाढला की झँथोरिया उलट माजतं. पण एखादी जात दिसली नाही म्हणजे हवा खराब, असा निकाल एका झाडावरून देऊ नका. झाड चुकीचं असू शकतं, किंवा तुमचा चष्मा.

रसायन आणि भूगोल यांची सगळ्यात सुंदर गाठ मला थॅम्नोलियात दिसते. पांढऱ्या किड्यासारखं, उघड्या थंड डोंगरांवर आडवं पडलेलं लायकेन. त्याचे बीजाणू कोणी पाहिलेले नाहीत. तुकडे होऊन पसरतं, तरी आर्क्टिकपासून अँडीज आणि न्यूझीलंडपर्यंत आहे. रसायनं मात्र दोन. एका प्रकारात स्क्वॅमॅटिक आणि बेओमायसेसिक आम्ल, अतिनील दिव्याखाली लख्ख चमकणारं. दुसऱ्यात थॅम्नोलिक आम्ल, दिव्याखाली मंद, केने गडद पिवळं. आर्क्टिककडे पहिल्याचं राज्य, दक्षिण गोलार्धात दुसऱ्याचं. फार काळ यांना दोन जाती धरलं गेलं. डीएनएने ते मोडून काढलं: वंशाच्या रेषा वेगळ्याच ठिकाणी पडतात, रसायनाची सीमा त्यांच्याशी जुळत नाही. याच्या उलट, वेल्सच्या समुद्रकड्यांवर कल्बर्सन दांपत्याने १९६७ मध्ये दाखवलं की रॅमॅलिना या लायकेनचे रासायनिक प्रकार एकाच कड्यावर पाण्यापासून वर असे पट्ट्यापट्ट्यांनी राहतात. म्हणजे रसायन कधी जात सांगतं, कधी नुसती राहण्याची सवय. दिव्याखाली चमकलं म्हणून नवं नाव ठेवायला धावू नका.

पाकीट

गळून पडलेल्या फांदीवरचा नमुना मिळत असेल तर उभ्या झाडाला हात लावू नका. अंगठ्याच्या नखाएवढं पुरतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलंत तर दोन दिवसांत बुरशी लागेल (हो, बुरशीलाच बुरशी). कागदी पाकीट, सावलीत वाळवण, मग किडे मारायला आठवडाभर फ्रीझर. पाकिटावर पेन्सिल; शाई फुटते.

ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची आणि तारीख सगळ्यात वर. त्याखाली माझ्या ताज्या पाकिटावर हे लिहिलं आहे:

"सालीवर, जमिनीपासून दीड मीटर, उत्तर बाजू. पानासारखं, करडं (कोरडं पाहिलं). इसिडिया आहेत, पीठ नाही. आत हिरवं शैवाल. कातडी के पिवळा. गाभा के नाही, सी लाल, दोनदा केलं. पी केलेली नाही. अतिनील नाही. ब्लीच आज तपासलं, लाल. पार्मोट्रेमा टिंक्टोरम, बहुतेक."